बासची वीण, कपाशीची पेर आणि एकच थर्मामीटर



फेब्रुवारी संपता संपता लेकीकडे अमेरिकेला गेलो आणि मिरगाच्या आत परत आलो. तीन महिन्यांत पेजवर जे फोटो टाकले, त्यात पिकांपेक्षा मासेच जास्त होते. त्यावर इनबॉक्समध्ये दोन प्रश्न सारखे आले. एक, "दादा, हा मासा आपल्या शेततळ्यात होईल का?" दुसरा, "काय लावून धरला?" पहिल्याचं उत्तर शेवटी देतो, ते एका शब्दाचं आहे. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे, म्हणून आज निवांत लिहायला बसलोय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन वाचा.

लेक-जावई राहतात उत्तर अलाबामात, टेनेसी नदीच्या खोऱ्यात. विमानतळावरून घरी जाताना रस्त्याच्या कडेला लालभडक माती दिसली आणि पुढे गेल्या साली काढलेल्या कापसाची वाळकी बोंडं बांधाला अडकलेली दिसली, तेव्हा जरा जीव थाऱ्यावर आला. कापूस, सोयाबीन, मका. आपल्याच ओळखीची मंडळी. फरक एवढाच, की तिथे मार्च म्हणजे थंडी सरायला लागते, आणि आपल्याकडे तेव्हा पऱ्हाट्या उपटून रान तापायला मोकळं असतं.

लेकीच्या कॉलनीला लागून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं रान आहे. वय पंच्याहत्तरच्या पुढे. मी त्याला काका म्हणायचो, तो मला सर म्हणायचा. मला इंग्रजी कामापुरतं, त्याला मराठी शून्य. मध्ये दुभाषा म्हणून दहा वर्षांचा नातू. त्याच्या रानात दोनेक एकराचं तळं आहे, बापाच्या वेळचं. १९३० नंतरच्या काळात तिकडे माती वाहून जाण्याचं मोठं संकट आलं, सरकारने १९३५ साली मृदसंधारणाचं खातं काढलं आणि शेतकऱ्यांना तळी बांधायला मदत केली. तशी हजारो तळी आजही दक्षिणेकडे दिसतात. गुरांना पाणी, माती अडवणं आणि ताटात मासा, अशी तिन्ही कामं एका खड्ड्यात.

तळ्याचा हिशेब आधी

गळ टाकायच्या आधी काकांनी एक वही दाखवली. कोणत्या तारखेला किती मासे धरले, किती इंचाचे, किती ठेवले, किती सोडले. बरीच वर्षं लिहिलेली. कृषी सहायकाने बघितली असती तर त्याचे डोळे पाणावले असते.

या तळ्यात मुख्य मासे दोनच. वरचा शिकारी लार्जमाउथ बास, आणि त्याचं खाद्य ब्लूगिल, आपल्या चिलापीसारखा चपटा, तळहाताएवढा मासा. ही जोडी अलाबामातच, ऑबर्नच्या कृषी महाविद्यालयात होमर स्विंगल नावाच्या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकापासून तळ्यांवर प्रयोग करून बसवली. त्याचं काम आजही जगभरच्या तळेवाल्यांना पाया म्हणून धरावं लागतं. खत दिलेल्या तळ्यात एकरी १००० ब्लूगिल आणि १०० बास, खत नसेल तर त्याच्या निम्मे. ब्लूगिलची बोटुकली हिवाळ्याच्या तोंडाशी सोडायची, बासची पुढच्या मे-जूनमध्ये. तोवर ब्लूगिलला पिल्लं झालेली असतात आणि बासला पहिल्या दिवसापासून ताटात जेवण.

इथे आपल्या शेततळ्याशी मोठा फरक आहे, तो नीट लक्षात घ्या. आपले रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात वीण घालत नाहीत. त्यांना पावसाळी नदीचं वाहतं पाणी लागतं. म्हणून तर १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन माशांची वीण घडवली, त्याची आठवण म्हणून १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस असतो. आपण दरसाल बोटुकली विकत आणतो, वाढवतो, काढतो. एक पीक. बास मात्र तळ्यातच वीण घालतो, ब्लूगिल तर उन्हाळाभर पुन्हा पुन्हा घालतो. एकदा सोडलं की तळं आपलं आपण चालतं, पण तोल सांभाळावा लागतो. बास फार काढले की ब्लूगिलचा सुळसुळाट, सगळे तीन-चार इंचावर अडकलेले. बास काढलेच नाहीत की उलटं: दहा-अकरा इंचाचे हडकुळे बास शेकड्याने, डोकं मोठं आणि पोट खपाटीला. एक किलो बास वाढायला ढोबळ मानाने दहा किलो खाद्यमासा लागतो, मग एवढ्यांना पुरणार कुठून?

काकांचं तळं दुसऱ्या अवस्थेत होतं. म्हणून त्यांचा नियम: बारा इंचाच्या आतला बास बादलीत, त्याच्यावरचा पाण्यात. कपाशीची विरळणी करतो तसंच हे.

मातीत घातलेलाच थर्मामीटर पाण्यात

काकांच्या खिशात एक थर्मामीटर असायचा, लोखंडी सळईचा. तिकडे कपाशी पेरायला मुहूर्त बघत नाहीत, मातीचा ताप बघतात. चार इंच खोलीवर सकाळची माती सलग तीन दिवस ६५ फॅरनहाइट, म्हणजे १८ सेल्सिअसच्या आसपास लागली आणि पुढचे दिवस उबदार असतील, तरच पेरा. नाहीतर सरकी थंड मातीत कुजते. गंमत अशी की बासची वीणही तिथेच सुरू होते. पाणी १५-१६ च्या वर गेलं की नर जागा शोधायला लागतो, १८ च्या आसपास काम जोरात. काका सकाळी रानात सळई रोवायचे, येताना तीच पुसून तळ्यात धरायचे. तिकडच्या जुन्या लोकांची आणखी एक खूण आहे. डॉगवुड नावाचं झाड पांढरं फुललं की बास काठाला आला समजायचं. आपण नाही का पावशा ओरडला की तिफणी काढत? तसंच.

आता मुख्य मुद्दा. वीण म्हणजे एक दिवस नाही, तीन टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्प्यात मासा वेगळ्या कारणाने तोंड उघडतो. लूर, म्हणजे खोटं आमिष, त्या कारणावरून निवडायचं. दुकानात रंगीबेरंगी पाकिटांची भिंत असते, ती बघून नाही.

पहिला टप्पा: विणीच्या आधी, कारण भूक

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाणी ११-१२ अंश होतं. मासे अजून खोलात, पण उथळ काठाच्या दिशेने सरकायला लागलेले. खोल पाणी जिथे संपतं आणि उतार चढायला लागतो, त्या कडेला, बुडालेल्या खोडांपाशी थांबतात. मादीच्या पोटात अंडी भरत असतात, म्हणून खादाडी चालू. पण पाणी गार, त्यामुळे अंग जड. धावून धरणार नाही, तोंडापुढे आलेलं सोडणारही नाही.

तेव्हा काय चाललं ते सांगतो.

- जिग: शिशाचं डोकं, त्याला रबरी झालर, मागे क्रॉफिशच्या आकाराची रबरी शेपूट. क्रॉफिश म्हणजे खेकड्यासारख्या नांग्यांचा जाडजूड झिंगा. तळावरून सरपटत ओढायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. मला सगळ्यात मानवलं ते हेच. आपल्याकडे गांडूळ लावून शिंगाड्यासाठी तळाला गळ सोडून बसतो, त्या हाताला ही चाल लगेच कळते.
- जर्कबेट: लांबट, लाकडी माशासारखं. दोन झटके द्यायचे आणि सोडून द्यायचं, ते पाण्यात अधांतरी थांबतं. पाणी जेवढं गार, थांबा तेवढा लांब. नातवाला हा थांबा जमेना. मी म्हटलं, मनात पाढा म्हण. बेचा पाढा मराठीत पाठ झाला तो असा.
- स्पिनरबेट: तारेला फिरणारी पितळी पात. पाऊस पडून पाणी लाल गढूळ झालं, वारा सुटला, की हे. गढुळात गोल पात लावायची, ती पाणी जास्त हलवते आणि मासा डोळ्याने नाही तर अंगाने ओळखतो. स्वच्छ पाण्यात लांबट पात, ती जास्त चमकते.

रंगाचा नियम साधा. वसंतात क्रॉफिश लालसर-तपकिरी दिसतो, म्हणून लाल-तपकिरी चालतो. पाणी गढूळ तर गडद रंग, काळा-निळा. पाणी स्वच्छ तर फिका, नैसर्गिक.

जागेचा नियम त्याहून साधा. तळ्याचा उत्तर काठ आधी तापतो, कारण सूर्य दक्षिणेकडून येतो आणि उत्तरेचा गार वारा त्या काठाला लागत नाही. दुपारी तीन वाजता त्या काठाचं पाणी समोरच्यापेक्षा दोन अंश जास्त भरलं. लूर बदलत बसण्यापेक्षा काठ बदला, फरक जास्त पडतो.

दुसरा टप्पा: वीण, कारण राग

एप्रिलच्या मध्यावर उत्तर काठाला, दोन फूट पाण्यात, घमेल्याएवढ्या पांढुरक्या बशा दिसायला लागल्या. ही नराची करणी. शेपटीने गाळ झटकून खालची टणक वाळू-खडी उघडी पाडतो. मादी येते, अंडी टाकते, एक-दोन दिवसांत निघून जाते. पुढची सगळी राखण बापाची. अंड्यांवर पंख्याने वारा घातल्यासारखं पाणी खेळवत राहायचं, गाळ बसू द्यायचा नाही, येईल त्याला हाकलायचं. पाण्याच्या तापमानाप्रमाणे तीन-चार दिवसांत अंडी फुटतात, पण पिल्लं पोहायला लागून घरट्याबाहेर पडेपर्यंत दहा दिवस जातात आणि त्यानंतरही बाप काही दिवस त्या काळ्या घोळक्याबरोबर फिरतो. या सगळ्या दिवसांत तो जवळजवळ खात नाही.

खात नाही, मग गळाला लागतो कसा? हाच मुद्दा. तो खायला तोंड उघडत नाही, उचलून बाहेर टाकायला उघडतो. म्हणून या टप्प्यात अंडीचोरासारखं दिसणारं लूर लागतं: रबरी सरडा, रबरी खेकडा, ब्लूगिलच्या रंगाचं काही. हळू टाकायचं, बशीच्या पलीकडे, आणि ओढत आणून मधोमध उभं करायचं. टेक्सस रिग म्हणजे गळाचं टोक रबरात लपवायचं, काडीकचऱ्यात अडकत नाही. वॅकी रिग म्हणजे रबरी गांडुळाच्या कमरेत गळ, दोन्ही टोकं थरथरत खाली जातात. हे रबरी गांडूळही कुठल्या कारखान्यातून आलेलं नाही बरं. १९४९ साली ओहायोतल्या अक्रनमध्ये निक क्रीम नावाच्या माणसाने घरच्या चुलीवर ओतून बनवलं.

आता एक संध्याकाळ सांगतो. नातवाने खोडाजवळ एक बशी हेरली. काकांनी त्याला चकाकी मारणारा चष्मा दिला, त्याने पाण्याखालचं लख्ख दिसतं. बशीवर नर, आणि हातभर अंतरावर पाच-सहा ब्लूगिल, हॉटेलबाहेर कुत्री बसावीत तसे टपून. पोराने सरडा टाकला. नराने तोंडात धरला आणि बशीबाहेर नेऊन थुंकला. पुन्हा टाकला, पुन्हा थुंकला. तिसऱ्यांदा पोराने झटका दिला आणि मासा वर.

तो वर आला आणि मी पाण्यात बघत होतो. ब्लूगिलना कोणी शिट्टी मारली असावी असे सगळे एकदम बशीत घुसले. डोकी खाली, शेपट्या वर. पोरानेही बघितलं.

मासा मोजला. अकरा इंच. म्हणजे नियमाने बादलीत.

पोराने काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला मराठीत म्हणाला, "आबा, तो तिकडे नसेल तर सगळे बेबीज खाऊन टाकतील." काकांना इंग्रजीत तेच सांगितलं. मला वाटलं काका म्हणतील, सोडून दे बाळा. पण काका खरं बोलले. म्हणाले, माझ्या तळ्यात बास जास्त झालेत, एक घरटं गेलं तर तळ्याचं भलंच आहे, नियम मीच केलाय. मग थोडं थांबून म्हणाले, "पण मासा तुझ्या हातात आहे. काय ते लवकर ठरव, त्याला श्वास लागतोय."

पोराने सोडला. जिथून धरला तिथेच, हात ओले करून, खालून आधार देऊन. मासा एक मिनिट काठाला सुन्न राहिला, मग गेला. बशीवर पोचायला त्याला पाचेक मिनिटं लागली. पोचल्यावर मात्र ब्लूगिलची जी पांगापांग झाली, ती बघून पोरगं टाळ्या वाजवायला लागलं.

काकांनी वही काढली आणि लिहिलं, "अकरा इंच, सोडला." मग पोराला म्हणाले, आता तू मला एक बास देणं लागतोस. बशीवरचा नको, खोल कडेचा आण. पोराने पुढच्या दोन दिवसांत दोन आणले, दोन्ही दहा-अकरा इंचाचे, दोन्ही बादलीत. लेकीने हळद-तिखट-लसूण लावून मक्याच्या पिठात घोळवून तळले. काका दोन ग्लास पाणी पीत पीत चार तुकडे खाऊन गेले.

बारा दिवसांनी त्या खोडाजवळ काळ्या पिल्लांचा घोळका दिसला. किती वाचली, किती गेली, मोजलं नाही. बाप खाली होता.

मला यातून जे समजलं ते लिहितो. "विणीत मासा धरणं पाप" किंवा "धरलं तरी काही होत नाही", अशी दोन टोकं लोक धरतात. खरं म्हणजे पाणी कोणतं आणि त्यात जोड्या किती, यावर सगळं आहे. एका मादीची अंडी हजारांत असतात. बास दाटलेल्या बंद तळ्यात दहा घरटी गेली तरी पुढच्या साली पिल्लं उरतातच, उलट उरलेल्यांना पोटभर मिळतं. पण जिथे जोड्याच मोजक्या, तिथे एक बाप उचलला की त्या सालची पिढी गेली. म्हणून अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. उत्तरेकडे, जिथे उन्हाळा आखूड, तिथे काही राज्यांत वसंतात बास घरी न्यायला बंदी असते. दक्षिणेत बहुतेक ठिकाणी बारा महिने मोकळं. मीसुद्धा परक्या माणसाला लागणारं लायसन्स काढूनच गळ टाकला, सोळाच्या आतल्या पोराला ते लागत नाही.

धरून सोडायचा रिवाजही तिकडे आपोआप आला नाही. बासवाल्यांची सगळ्यात मोठी संघटना रे स्कॉट याने १९६८ साली अलाबामातच, मॉंटगोमेरीत काढली, आणि १९७२ पासून स्पर्धेतले मासे जिवंत सोडायचा आग्रह धरला. त्याआधी धरला की खाल्ला, हेच होतं. सोडायचा असेल तर रीत अशी: गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, मासा हवेत मिनिटभराच्या आत ठेवा, मोठा असेल तर नुसता जबड्याला लटकवू नका, पोटाखाली हात द्या, आणि धरला तिथेच सोडा. बशीवरचा मासा दुसऱ्या काठाला सोडला तर तो परत येईपर्यंत मागे काही उरत नाही.

तिसरा टप्पा: विणीनंतर, कारण थकवा आणि मग पुन्हा भूक

मे उजाडला. माद्या खोल कडेला जाऊन सुस्त पडलेल्या. आठ-दहा दिवस काही लागत नाही, लोक म्हणतात तळं बंद पडलं. तेव्हा पुन्हा हलकं, हळू: वॅकी गांडूळ, सावलीच्या कडेला. पिल्लं राखणारे नर मात्र वर असतात, त्यांच्यासमोर पॉपर, म्हणजे पाण्यावर 'पुळुक' करणारं लूर, पडलं की फुटतात. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाणी २६-२७ झालं आणि ब्लूगिलची वीण लागली. मधाच्या पोळ्यासारख्या बशा एकाला एक लागून. आता उलटा न्याय. काल अंडी चोरणारे ब्लूगिल आज आपली अंडी राखतायत आणि बास त्यांच्या वस्तीच्या कडेला टपून. तिथे ब्लूगिलच्या रंगाचं काहीही चालतं. शेवाळ-पाणवनस्पती दाट असेल तर पोकळ रबरी बेडूक, वरच्यावर उड्या मारत.

आणि लूर-लूर करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. बासचा जागतिक विक्रम २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोच्या वर. तो २ जून १९३२ ला जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या वीस वर्षांच्या शेतकरी पोराने धरला. मंदीचे दिवस, पावसाने रान ओलं, काम बंद, म्हणून मासे धरायला गेला. सांगतात की त्याच्याकडे आणि सोबत्याकडे मिळून एकच काठी आणि एकच लूर होतं. मासा घरी नेऊन खाल्ला. त्याची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडलं, तीही जपानच्या बिवा सरोवरात.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर

हा मासा आपल्याकडे आणायचा का? नाही.

कारण त्याच जपानचं बघा. १९२५ साली तिथे आशी तलावात बास सोडला. पुढे तो तलावातलवात पसरला, देशी मासे खाऊन बसला, आणि २००५ मध्ये सरकारला कायदा करून त्याला पाळायला, न्यायला, सोडायला बंदी घालावी लागली. ज्या बिवा सरोवरात विक्रमाची बरोबरी झाली, तिथे तो नकोसा पाहुणा आहे. आपल्या मांगूरची गोष्ट ताजी आहे, आणखी एक नको.

आणि गरजही नाही. आपल्या पाण्यात असा बाप आहेच. मरळ. बासला बघत होतो आणि मला सारखी मरळच आठवत होती. पावसाळ्यात गावतळ्याच्या कडेला गवत बाजूला सारून गोल मोकळी जागा करते, अंडी पाण्यावर तरंगतात, आणि नर-मादी दोघं मिळून राखतात. मग ते नारिंगी-तांबूस पिल्लांचं भेंडोळं वर-खाली करत फिरतं, श्वास घ्यायला वर येतं, आणि खाली सावलीसारखे आईबाप. गोदाकाठच्या कोणत्याही पोराला विचारा, भेंडोळं दिसलं की काय करायचं. बेडूक लावायचा आणि बरोबर मधोमध टाकायचा. मरळ भुकेने येत नाही, रागाने येते. येतेच. एक गेली की दुसरी. आणि मग ते भेंडोळं अर्ध्या तासात चिलाप्यांनी आणि बगळ्यांनी संपतं. गाभोळीच्या माशाची चव सगळ्यांना ठाऊक आहे आणि बाजारात मरळीला भाव आहे, हे मीही नाकारत नाही.

पण काकांच्या तळ्यात बास दाटले होते, आपल्या गावतळ्यात मरळी किती उरल्यात? मागच्या पावसाळ्यात आमच्या पाझर तलावात भेंडोळी मोजून तीन दिसली. तीन जोड्या. इथे बारा इंचाचा नियम चालणार नाही. इथे एवढंच चालेल: भेंडोळ्यावर बेडूक टाकायचा नाही. पिल्लं फुटून पांगली, की मग खुशाल धरा, चिलापी तर बारा महिने धरा, जेवढ्या काढाल तेवढ्या कमीच.

सोसायटीच्या ठेकेदाराशी परवा बोललो. तो म्हणाला, पोरांना सांगणार कोण? म्हटलं, मी सांगतो. गणपतीच्या आत तीन-चार जणांना घेऊन एक फेरी मारायची ठरवलीय, भेंडोळी दिसतील तिथे काठाला बांबू रोवून फडकं बांधायचं. ऐकतील का माहीत नाही. नातवाने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आबा, वही केली का?" केली. पहिल्या पानावर तलावाचं नाव, पावसाची तारीख आणि पाण्याचा ताप लिहिलाय.

तुमच्याकडच्या तळ्यात, ओढ्यात मरळीची भेंडोळी कधी दिसतात? कोणत्या नक्षत्रात, पाणी किती चढल्यावर? तालुका लिहून कमेंटमध्ये सांगा. कुणी मत्स्यबीज केंद्रातले किंवा कृषी विज्ञान केंद्रातले वाचत असतील, तर मरळीच्या बोटुकल्यांचा भाव आणि मिळण्याचं ठिकाणही टाका. बरेच जण विचारतायत.